एकाच धन्याची चाकरी

दहा आज्ञांच्या प्रारंभीच परमेश्वरावाचून अन्य देव मानू नये आणि प्रतिमा करून तिच्या पाया पडू नये असे जे शासन आहे, ते इतिहासात पुष्कळदा शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवून वाचले गेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलदारांनी तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या भागांतील देवळे मूर्तिपूजेचा उच्छेद या नावाखालीच पाडली, आणि त्या कृत्याने ख्रिस्ताच्या नावास लागलेला बट्टा अद्याप पुरता धुऊन निघालेला नाही. वस्तुतः ही आज्ञा मिसरच्या दास्यातून नुकत्याच सुटलेल्या इस्राएल लोकांना दिलेली होती, आणि तिचा पहिला भंगही त्यांच्याच छावणीत झाला. मोशे सीनाय पर्वतावरून उतरण्यास विलंब लावतो आहे असे पाहताच त्यांनी आपल्या बायकामुलांच्या कानांतील सोने काढून दिले, मोशेचा सख्खा भाऊ अहरोन याने त्याचे वासरू घडविले, आणि त्या वासरापुढे वेदी बांधून दुसऱ्या दिवशीचा उत्सव मात्र परमेश्वराच्याच नावाने पुकारला. देवाचे नाव कायम ठेवून त्याच्या आसनावर आपल्याला प्रिय असलेली वस्तू बसविणे, हे मूर्तिपूजेचे सर्वांत घातक रूप होय. ख्रिस्ती मनुष्याच्या निष्ठेची कसोटी तेथेच लागते.

विसाव्या शतकात ही कसोटी जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांना लागली. जुलै १९३३ मध्ये झालेल्या मंडळ्यांच्या निवडणुकीत हिटलरच्या पाठबळावर ‘जर्मन ख्रिस्ती’ या पक्षाने बहुमत मिळविले. वेदीशेजारी नाझी झेंडे उभे राहिले. आणि सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने असा ठराव केला की, ज्याच्या अंगी यहुदी वंशाचे रक्त आहे किंवा ज्याची पत्नी त्या वंशाची आहे, त्याने पाळकाच्या पदावर राहू नये. उपासनेची गीते तीच होती, शास्त्रपठण चालू होते, बाप्तिस्मा होत होता. केवळ त्या साऱ्याच्या शिरोभागी राष्ट्र आणि रक्त यांची स्थापना झाली होती. या लाटेविरुद्ध मे १९३४ च्या अखेरीस वुपरताल शहराच्या बार्मेन या भागात सुमारे १४० प्रतिनिधी एकत्र जमले आणि त्यांनी सहा कलमांचा एक जाहीरनामा संमत केला, ज्याचा मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांच्या लेखणीतून उतरला होता. मंडळीने ऐकावयाचे आणि पाळावयाचे ते देवाचे वचन येशू ख्रिस्त हेच एक असून, जीवनाचा कोणताही प्रांत दुसऱ्या धन्याच्या अखत्यारीत नाही, असा त्याचा सारांश होता. न्याय आणि शांतता राखण्याचे राजसत्तेचे कार्य देवानेच नेमून दिलेले आहे, हेही त्या जाहीरनाम्याने निःसंदिग्धपणे मान्य केले होते. सत्तेने आपली पायरी सोडून मनुष्याच्या समग्र जीवनाचा ताबा घेऊ नये, एवढेच त्याचे म्हणणे होते.

अशा निष्ठेची किंमत कशी मोजावी लागते, हे दोन उदाहरणांवरून दिसेल. बॉन विद्यापीठात अध्यापक असलेल्या बार्थ यांना सरकारी नोकर या नात्याने हिटलरशी व्यक्तिशः एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्याचा हुकूम झाला. ‘ख्रिस्ती मनुष्य म्हणून मला जेथवर शक्य आहे तेथवर’ अशा अर्थाची एक पुरवणी जोडल्यास शपथ घेण्याची त्यांची तयारी होती, परंतु तेवढीही सवलत नामंजूर होऊन १९३५ साली त्यांची नोकरी गेली आणि ते स्वदेशी स्वित्झर्लंडला परतले. डिकनशीड या खेड्याचे पाळक पाउल श्नायडर यांना बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत डांबले गेले होते. २० एप्रिल १९३८ रोजी हिटलरच्या वाढदिवसानिमित्त हजेरीच्या मैदानावर सर्व कैद्यांनी नाझी झेंड्यापुढे टोप्या काढाव्यात असा हुकूम सुटला. श्नायडर यांनी टोपी काढली नाही. त्यांना फटके मारून कोठडीत कोंडले गेले, तरी कोठडीच्या खिडकीतून ते मैदानावरील कैद्यांना शास्त्रातील वचने ओरडून ऐकवीत आणि प्रत्येक वेळी मार खात. आपल्या मंडळीच्या हद्दीत पुन्हा पाऊल टाकणार नाही, अशा कागदावर सही केली असती तर त्यांची सुटका झाली असती. घरी पत्नी आणि सहा मुले वाट पाहत असतानाही त्यांनी ती केली नाही, आणि १८ जुलै १९३९ रोजी औषधाची घातक मात्रा टोचून त्यांचा वध करण्यात आला.

तथापि या तेजस्वी प्रकरणाला एक काळी बाजू आहे. बार्मेनच्या जाहीरनाम्यात यहुद्यांविषयी एक अक्षर नाही. मंडळीचे स्वातंत्र्य राखण्यास सिद्ध झालेल्या त्या सभेने छळल्या जाणाऱ्या शेजाऱ्याचा प्रश्न आपला मानला नाही, आणि हा आपलाही दोष असल्याचे बार्थ यांनी उत्तरायुष्यात कबूल केले. ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्ट येथे मंडळीच्या पुढाऱ्यांनी अपराधाची जाहीर कबुली दिली, तीतही यहुद्यांचा नामोल्लेख झाला नाही. खोट्या देवाला बळी नेहमी माणसांचाच लागतो. म्हणून बळी जाणाऱ्याचा पक्ष न घेता केवळ आपली वेदी स्वच्छ राखणारी ईश्वरनिष्ठा अर्धवटच म्हणावी लागते.

हा इतिहास दूरदेशीचा म्हणून आपण बाजूस सारू, तर आपणच आपली फसवणूक करू. रक्त पाहून माणसाची पायरी ठरविण्याची रीत आपल्या देशातील मंडळ्यांना अपरिचित नाही. गोव्यातील काही गावांत कोंफ्रारियाचे, म्हणजे चर्चमधील धार्मिक बंधुसंघाचे, सभासदत्व आणि चर्चच्या उत्सवाचा मान पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ठरत आला. तमिळनाडूत एकाच प्रभूच्या नावाने निजलेल्या माणसांसाठी जातवार दफनभूमी राखल्या गेल्या. आणि महाराष्ट्रातही बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावर घेतलेली माणसे सोयरिकीच्या वेळी पूर्वीचे कूळ विचारतात. पाषाणाच्या मूर्तीपुढे आपण कधी वाकलो नाही, हा अभिमान अशा घरी व्यर्थ होय. याच भूमीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका बिरादरीत बोलाविले. दरबार देवाचा असेल तर तेथील मानपान जन्मावरून ठरू शकत नाही, हे त्या नावातच अभिप्रेत आहे.

म्हणून माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे. पाळकांनी पहिल्या आज्ञेवर उपदेश करताना शेजाऱ्याच्या देवळाचे उदाहरण देणे सोडावे आणि आपल्या मंडळीतील जातीचे नाव घेऊन बोलावे. मंडळीच्या पंचांनी जातवार मान आणि जातवार जागा यांचे जे काही अवशेष उरले असतील ते ठराव करून रद्द करावेत. आईबापांनी मुलामुलींच्या विवाहाची बोलणी करताना कूळ विचारू नये. आणि जात असो की राष्ट्र, ज्याच्या नावाने शेजाऱ्याला तुडविण्याचा हुकूम येईल, त्याच्यापुढे कोणीही टोपी काढू नये.