लासे विरेनची बाजू

परवा आमच्या शिक्षकांच्या खोलीत एका मित्राने ठासून सांगितले, "लासे विरेन? अहो, तो तर रक्त भरून धावणारा!" जणू हे गृहस्थ तेव्हा बाटली धरून उभे होते! पुरावा विचारला, तर उत्तर ठरलेले : आगीवाचून धूर निघत नाही. या म्हणीची मला चीड आहे.

विरेन हा फिनलंडमधील एका खेड्यातला पोलीस. १९७२ साली म्यूनिकला दहा हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत तो निम्म्या वाटेच्या आधीच कोसळला. उठला, धावला, आणि २७ मिनिटे ३८.४ सेकंदांचा जागतिक विक्रम करून पहिला आला. पाच हजारही त्यानेच जिंकली. मधली वर्षे यथातथाच गेली. पुढे १९७६ साली माँट्रियलला पुन्हा दोन्ही सुवर्णपदके, आणि लगेच दुसऱ्या दिवशी मॅरेथॉनमध्ये पाचवा!

एरवी हरणारा गडी नेमका ऑलिंपिकलाच कसा जिंकतो? झाले, संशयाला एवढे पुरले. आपलेच रक्त काढून साठवायचे, शर्यतीच्या तोंडावर तांबड्या पेशी परत शिरेत सोडायच्या, म्हणजे स्नायूंना प्राणवायू अधिक पोचतो. हाच उद्योग त्याने केला असणार! विरेनने हे सतत नाकारले. त्याचा देशबांधव कार्लो मानिंका याने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकनंतर तशी कबुली दिली, हे खरे. पण कबुली एकाची आणि डाग दुसऱ्याला, हा कुठला न्याय? शिवाय या प्रकाराला बंदी आली ती १९८० च्या दशकाच्या मध्यावर. तोवर विरेनची कारकीर्द आटोपली होती.

"नियम नसेल, नीती तर होती?" मित्र म्हणाले. प्रश्न रास्त आहे. मीही क्षणभर गप्प झालो. पण नीतीचा खटला चालवायलासुद्धा आधी कृत्य सिद्ध व्हावे लागते ना?

माझा हा त्रागा उसना नाही. एका सुमार मुलाला गणितात अचानक भरघोस गुण मिळाले, तेव्हा मीच त्याला समोर बसवून नवा पेपर घातला. त्याने तोही सोडवला. तरी सहकारी म्हणाले, "हाही त्याला आधीच कळला असेल." पेपर तर मी त्याच सकाळी घरी बसून काढला होता! तसे मी सांगितले. कोणी ऐकले नाही, आणि मीही फार वाद घातला नाही. त्या वर्षी त्या मुलाने वर्गात पुन्हा हात वर केला नाही.