तुले आई पाह्यजे का बाप?

चार वर्षांच्या पोराला हा प्रश्न आपल्याकडे सगळेच विचारतात. पोरगं "दोघंबी" म्हणतं आणि घर हसतं. तोच प्रश्न चौदाव्या वर्षी, फारकतीचा दावा चालू असताना आला की हसायला कोणी उरत नाही. आणि "दोघंबी" हे उत्तर कोणी धरतही नाही.

पांढरकवड्यासारख्या गावात तर तो कोर्टाच्या आधी बसस्टँडवर, किराणा दुकानात, ट्यूशनच्या दारात विचारून होतो. माझ्या ओळखीतल्या नववीतल्या एका मुलाने शेवटी माणूस पाहून उत्तरं ठरवून टाकली होती. आत्या भेटली की "बाबापाशी", मामा भेटला की "आईपाशी". लोक त्याला लबाड म्हणू लागले. दुसरं काय करायला हवं होतं त्याने?

या बाबतीत कायदा आपल्या नातेवाइकांपेक्षा समंजस आहे. पालक आणि पाल्य अधिनियम इंग्रजांच्या काळातला, 1890 चा. आजही तोच चालतो. त्याच्या कलम 17 मध्ये म्हटलंय की, समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकतं. घेऊ शकतं, बांधील नाही. पाहायचं ते मुलाचं हित. वयाचा आकडाही तिथे नाही. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. पण अमुक वर्ष लागलं की पोरगं स्वतःच ठरवतं, ही आपल्या पारावरची समजूत. आमच्या तालुक्यातल्या गोंड-कोलामांना हिंदू विवाह कायदा लागू नाही, त्यांची फारकत रूढीने होते. 1890 चा कायदा मात्र त्यांच्या लेकरांसाठीही आहे.

न्यायाधीश बरेचदा मुलाला आपल्या दालनात बोलावतात. आई, बाप, वकील बाहेर. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबादच्या एका मुलाशी असंच बोलून, त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याला वडिलांकडे राहू दिलं. त्याच न्यायालयाने 1982 मध्ये मुंबईच्या एका पारशी जोडप्याच्या मुलीचं म्हणणं मात्र बाजूला ठेवलं होतं. मुलगी दबावाखाली आहे, स्वतःच्या भल्याचा विचार करण्याच्या मनःस्थितीतच ती नाही, असं न्यायाधीशांना दिसलं. मला हा दुसरा निकाल जास्त मोलाचा वाटतो. पढवलेलं उत्तर ओळखणारं कोणी असलं की उत्तराचं सगळं ओझं लेकराच्या डोक्यावर राहत नाही.

आमच्याकडे यात आणखी एक गुंता आहे, तो पुण्या-मुंबईच्या लोकांना सुचणार नाही. पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याने खाली गेलं की पिंपळखुटी, मग पैनगंगा, पलीकडे तेलंगणा. इथल्या कितीक बायांचं माहेर आदिलाबादकडचं. घरात मराठीच बोलतात, पण शाळा, बोर्ड, सरकार वेगळं. आईसोबत गेलं तर दहावी तेलंगणा बोर्डाची, बापापाशी राहिलं तर महाराष्ट्राची. आणि पुढे इथल्या इंजिनीअरिंगला जायचं तर दहावी-बारावी इथून झालेली बरी. त्यात ताब्याचा अर्ज करायचा तो मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं, तिथल्या जिल्हा न्यायालयात. म्हणून तर भांडण पेटलं की शहाणे नातेवाईक आधी पोराला उचलून आपल्या गावी नेतात. इकडचे म्हणतात खावटीसाठी नेलं, तिकडचे म्हणतात खावटी चुकवायला ठेवून घेतलं. पोराची वह्या-पुस्तकं मात्र अर्धी इथे, अर्धी तिथे.

नववी-दहावीतलं मूल निवडतं ते बहुतेक वेळा आई किंवा बाप नसतोच. गणिताचे सर कोणत्या गावात, आजीजवळ कोण झोपणार, धाकटी बहीण कुठे चालली, यावर ते ठरतं. कधी तर दोन्ही घरांचा वीट येऊन पोरगी म्हणते, मला होस्टेलवरच ठेवा. आश्रमशाळांच्या या मुलखात ते उत्तर काही नवलाचं नाही, आणि त्याचा अर्थ तिला आईबाप नकोत असाही नाही. तिला "तुझं प्रेम कोणावर" असं विचारण्यापेक्षा सकाळी सहा ते रात्री दहा तुझं कुठे नीट होईल, असं विचारावं. त्याचं उत्तर देताना कोणाशी बेइमानी होत नाही.

एक गोष्ट मात्र या मुलांना कोणीच सांगत नाही. ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो. 1973 मध्ये रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की परिस्थिती बदलली, मुलाची गरज बदलली, तर असा हुकूमही बदलता येतो. त्याच निकालात मुलं आईबापांची मालमत्ता नव्हेत, खेळणंही नव्हेत, असंही आहे, आणि वकील मंडळी सांगतात ते तेवढंच. पण दालनाच्या बाहेर घाम पुसत बसलेल्या पोराला दिलासा देईल ते पहिलं वाक्य.

माणूस पाहून उत्तरं देणारा तो मुलगा त्या वर्षी बापापाशी राहिला. दहावी झाल्यावर म्हणाला, आता आईकडे जातो. दोन्हीकडच्यांनी कुरकुर केली, मग कागद झाले. आता आई भेटायला इकडे आली की एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं तिला, बाई म्हणून, अर्धं तिकीट लागतं, तो तिकडून इकडे बापाकडे येतो तेव्हा त्याला पूर्ण. यावर त्याची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.