हक्क निकालपत्रात, माणूस कोठडीत

भारतीय राज्यघटनेचे एकविसावे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढेच ते सांगते. यातील 'कार्यपद्धती' या शब्दाचा अर्थ काय, हा वाद मात्र घटनेइतकाच जुना आहे. कायदेमंडळाने संमत केलेली कोणतीही पद्धत पुरेशी आहे, की ती न्याय्यही असली पाहिजे? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निःसंदिग्धपणे दिले, असे कायद्याचा विद्यार्थी शिकतो. परंतु जामिनाच्या अर्जापाशी आले की हे उत्तर डळमळू लागते.

घटना समितीतच हा पेच निर्माण झाला होता. मूळ मसुद्यात अमेरिकी धर्तीचे 'उचित प्रक्रिया' हे शब्द होते. न्यायाधीशांच्या हाती फार मोठे अधिकार जातील या भीतीने ते वगळण्यात आले. त्याची काही अंशी भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये नवे कलम मांडले, तेच आजचे बाविसावे कलम. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे, ही बंधने त्यातून आली. मात्र त्याच कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही घटनेत जागा दिली, हे विसरता येत नाही.

या स्थानबद्धतेचा पहिला मोठा खटला १९५० सालचा. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी आपल्या कैदेला आव्हान दिले. बहुमताने न्यायालय म्हणाले की, रीतसर केलेला कायदा आहे ना, मग तो न्याय्य आहे की नाही हे पाहणे आमचे काम नव्हे. न्या. फझल अली यांचा विरोधी सूर एकाकी ठरला. या संकुचित अर्थाचे टोक आणीबाणीत गाठले गेले. एप्रिल १९७६ मध्ये चार विरुद्ध एक अशा मताने, स्थानबद्ध व्यक्तीला बंदिप्रत्यक्षीकरणाचा अर्जही करता येणार नाही, असा निकाल लागला. नऊ उच्च न्यायालयांनी दाखविलेले धैर्य त्यामुळे वाया गेले. विरोधी मत देणाऱ्या न्या. एच. आर. खन्ना यांना पुढे सरन्यायाधीशपद नाकारले गेले. बहुमतातील न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे त्या खटल्यातील मत २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात फेटाळून लावणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच पुत्र धनंजय.

आणीबाणीनंतर न्यायालयाने जणू प्रायश्चित्त घेतले. मनेका गांधी यांचे पारपत्र जप्त केल्याच्या प्रकरणात, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असलीच पाहिजे, असे जानेवारी १९७८ मध्ये ठरले. पाठोपाठ १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात जलद खटल्याचा हक्क मान्य झाला. १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात उपजीविकेचा हक्कही जीविताच्या हक्कात सामावला गेला. तथापि त्याच निकालाने पावसाळ्यानंतर झोपड्या हटविण्यास पालिकेला मोकळीक दिली. तत्त्व मिळाले, छप्पर गेले. पुढील काळाचे सारे सूत्र या विसंगतीत आहे.

कारण स्वातंत्र्याची खरी कसोटी जामिनापाशी लागते. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे सूत्र १९७७ पासून उच्चारले जाते. प्रत्यक्षात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांवरील दोष सिद्ध झालेला नव्हता.

विशेष कायद्यांखाली तर नियमच उलटा होतो. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असेल, तर जामीन देता येणार नाही, अशी तरतूद आली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढे जाऊन, जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी करू नये, असे सांगितले. म्हणजे पोलिसांनी मांडलेली कहाणी जवळपास तशीच गृहीत धरायची. आर्थिक अफरातफरीच्या कायद्यातील अशाच अटी न्यायालयाने २०१७ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या, संसदेने २०१८ मध्ये त्या दुरुस्तीने पुन्हा आणल्या आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्या वैध मानल्या. १९५० चा गोपालन निकाल समोरच्या दाराने बाहेर घालविला, तो मागच्या दाराने परतला, असे म्हणावे लागते.

दहशतवादाचा धोका खरा आहे, साक्षीदारांवर दबाव येतो, हेही खरे. पण म्हणून खटलाच न चालविता माणूस वर्षानुवर्षे आत ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने हे ओळखले. पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात असलेल्या आणि २७६ साक्षीदारांची तपासणी बाकी असलेल्या केरळमधील एका आरोपीचा जामीन त्याने कायम केला. कठोर कायदादेखील एकविसाव्या कलमापुढे विरघळतो, असा त्याचा आशय. परंतु त्याच वर्षी ५ जुलैला एल्गार परिषद प्रकरणातील ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी मुंबईच्या रुग्णालयात वारले, तेव्हा त्यांचा अर्ज उच्च न्यायालयासमोर प्रलंबित होता आणि खटला सुरूही झाला नव्हता. दिलासा कोणाला केव्हा मिळेल, हे खंडपीठावर आणि तारखेवर अवलंबून राहणार असेल, तर त्याला हक्क कसे म्हणावे?

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत प्रथमच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटकेची तरतूद आहे. मात्र जन्मठेपेच्या वा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना ती लागू नाही. त्यामुळे सर्वाधिक काळ अडकणारे अनेकजण बाहेरच राहतात. अर्ज किती दिवसांत निकाली निघावा आणि किती वर्षांनंतर कोणत्याही कायद्याखाली जामीन मिळालाच पाहिजे, हे ठरविण्याचे काम मोठ्या घटनापीठाने हाती घेतले पाहिजे. कार्यपद्धती न्याय्य असावी असे १९७८ मध्ये ठरले होते. ती वेळेत न्याय्य असावी, हे ठरविणे अजून बाकी आहे.