एकदा सुटलं ते सुटलं!

दिवाळे गावातून चालत बेलापूर स्टेशन गाठणाऱ्यांनो, मामेभावाचा जुना गेम बॉय अजून कपाटात पडून असेल, तर लोकलमध्ये ‘सुपर मारिओ लॅंड’ लावाच. १९८९चा गेम, मारिओ मुंगीएवढा, तरी पहिल्या पाच मिनिटांतच फुल्ल टाइमपास! कासवावर उडी मारलीत? लगेच पळा, कवच बॉम्बसारखं फुटतं. पडदा पुढे सरकला की मागे येत नाही. सुटलेलं नाणं सुटलंच. आणि सेव्ह करायची सोयच नाही. एकूण बारा लेव्हल्स; अकराव्या लेव्हलला बॅटरी संपली, की पुन्हा श्रीगणेशा. म्हणूनच साध्या उडीलाही तळहाताला घाम फुटतो. मोबाईलवर जाहिरात बघून नवी लाइफ मिळवणाऱ्या आपल्याला हा घाम हवाच होता, बॉस!