मुक्कामाचें अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण मुलांस शिकवितों. त्या उपदेशांत अंथरुणाच्या लांबीचा विचार आहे, जाडीचा नाहीं; आणि घरांत गादीवर निजणाऱ्यास तो करण्याचें कारणही पडत नाहीं. परंतु ज्यास शेतांत, गडावर अथवा यात्रेच्या पालांत रात्र काढावयाची आहे, त्यास लांबीपेक्षां जाडीच अधिक छळते, हें पहाटेचे तीन वाजले म्हणजे कोणीं न सांगतां कळतें.

नांदेड-लातुराकडे मार्गशीर्ष लागला कीं अशा मुक्कामांचीं बोलणीं घरोघर सुरू होतात. लातूर जिल्ह्यांत मार्गशीर्षांतील अमावास्येस, म्हणजे वेळा अमावास्येस, गांवेंच्या गांवें ओस पडतात आणि सारीं माणसें शेतांत कडब्याच्या कोपीभोंवतीं भज्जी, भाकरी आणि आंबिलीस जमतात. बोलींत हिलाच येळवस म्हणतात. त्याच सुमारास लोहा तालुक्यांतील माळेगांवीं खंडोबाची यात्रा भरते. मग हुरड्याचे दिवस येतात. शिवाय तरुण मुलें हल्लीं तंबू पाठीस बांधून माहूरच्या डोंगरांत, किनवटच्या जंगलांत, सहस्रकुंडाकडे अथवा कंधार-औशाच्या बाजूस जाऊं लागलीं आहेत, हें आम्हांस फार चांगलें वाटतें.

मात्र एकत्र कुटुंबांत असा बेत ठरतांना पहिली काट बसते ती वडीलधाऱ्यांस. “आईंना जमिनीचें गार बाधेल, त्या घरींच बऱ्या,” असें सून काळजीनें म्हणते, मुलगा मान हलवितो, आणि नातवंडांस जिच्या तोंडून त्या शेताची हकीकत ऐकावयाची ती आजीच नेमकी घरीं राहते. तिच्यासाठीं कोणी एखादी शालजोडी अधिक घेऊन पाहतात. तरी रात्रीं कंबर धरतेच. येथें उपाय चुकीच्या बाजूनें होत असतो. पांघरुणें वाढवून ही थंडी जात नाहीं, कारण ती वरून येतच नाहीं.

ऊब लोकरींत किंवा कापसांत नसते. त्यांत अडकून पडलेल्या निश्चल हवेंत असते. वरचें पांघरूण सैल असतें, त्यांत हवा राहते, म्हणून तें ऊब धरतें. अंगाखालचें वस्त्र मात्र आपल्याच भारानें दबतें, त्यांतील हवा निघून जाते, आणि मग अंगाची उष्णता सरळ भुईंत जाऊं लागते. भुई तर एवढी मोठी कीं आपल्या अंगच्या उष्णतेनें ती रात्रभरांत तापावयाची नाहीं. पक्ष्यांच्या मऊ पिसांनीं भरलेली महाग निजपिशवी घेऊनही कित्येकांची पाठ गारठते, त्याचें कारण हेंच. पाठीखालचीं पिसें चेपून कागदासारखीं झालेलीं असतात. आपल्या भागांत डिसेंबर-जानेवारींत पहाटेचा पारा दहा-बारा अंशांवर येणें नवलाचें नाहीं, कधीं त्याहूनही खालीं जातो. आणि बालाघाटावर वसलेल्या लातूरकडील उघड्या माळावर वाऱ्याची भर पडते ती निराळीच.

तेव्हां अंथरुणास दोन गुण हवे: भारानें न दबणें आणि ओल न शोषणें, किंवा शोषली तरी ऊब न सोडणें. या कसोटीवर घरांतील नेहमींच्या वस्तु घासून पाहाव्या. सतरंजी नेण्यास सोयीची, पण ती धूळ अडविते, गारवा अडवीत नाहीं. कापसाची गादी घरच्या पलंगावरच शोभते. दंवानें एकदां ओली झाली कीं ती दोन दिवस वाळत नाहीं, आणि ओला कापूस कोरड्या भुईपेक्षांही वाईट. गोधडीविषयीं बोलतांना आमचा हात जरा आंखडतो, कारण आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर जींत शिवले आहेत तिच्यावर टीका करणें कोणास आवडेल? पण गोधडीही सुतीच. ती वर घ्यावी, खालीं घालूं नये.

उरली घोंगडी. तिच्याबद्दल चार शब्द अधिक लिहिणें भाग आहे, कारण आपल्या सुशिक्षित घरांतून ती अकारण हद्दपार झाली आहे. सोवळ्यासाठीं धाबळी ठेवणाऱ्या घरांसही घोंगडी म्हटली कीं धनगरवाड्याची वस्तु वाटते. वास्तविक दख्खनी मेंढराची लोकर आंखूड, भरड आणि ताठ असते. अंगास ती टोंचते हें खरें, पण त्या ताठपणामुळेंच ती भाराखालीं सहसा चेपत नाहीं. जी खोड नेसण्याच्या वस्त्रांत दोष ठरते तीच अंथरुणांत गुण होते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटांत घेऊनही हातास ओली लागत नाहीं. वारकरी पावसांत हिचीच खोळ करून चालतो आणि रात्रीं तीच झटकून अंथरतो. सुती चादरीचें असें करून पाहावें म्हणजे फरक समजेल.

नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळें कडक असते. वापरानें ती मऊ पडते. विकत घेतांना कडेचा एक धागा मागून घेऊन जाळून पाहावा. खरी लोकर जळतांना केस जळल्याचा वास येतो आणि मागें राहिलेली राख बोटांत चुरगळते; वितळून कठीण मणी झाला तर त्यांत कृत्रिम सूत आहे असें समजावें. बाजारांत रंगीबेरंगी आणि अंगास गुळगुळीत लागणाऱ्या पुष्कळ घोंगड्या दुसऱ्या जातीच्याच असतात. लोकर न विणतां दाबून केलेला बुरणूस मिळाला तर अंथरण्यास तो घोंगडीहूनही सरस. पण तो आतां दुर्मिळ.

घोंगडीचा एकच मोठा दोष, तिचें वजन. चांगली, भरीव घोंगडी दोन किलोंच्या पुढें सहज जाते. गाडींतून शेतावर जाणाऱ्यास त्याचें कांहीं नाहीं. परंतु जो मुलगा पाणी, शिधा आणि तंबू पाठीवर घेऊन गड चढणार त्यास आजोबांनीं घोंगडीचा आग्रह करूं नये. त्याच्यासाठीं फोमची गुंडाळी योग्य. हा फोम बंद पेशींचा असावा, म्हणजे ज्यांतील हवेचे बुडबुडे एकमेकांपासून अगदीं वेगळे असतात असा. स्पंजाचे बुडबुडे एकमेकांत उघडे असल्यामुळें तो पाणी पितो. याच्यावर पाण्याचा थेंब तसाच बसून राहतो. दुकानांत ही परीक्षा करतां येते. तसेंच अंगठ्यानें दाबून पाहावें, खळगा लगेच भरून आला तर माल बरा. अशा पूर्ण लांबीच्या गुंडाळीचें वजन चारशें-पांचशें ग्रामांच्या आसपास असतें, आणि उष्णता अडविण्याच्या शक्तीचा जो अंक परदेशी बनावटीच्या मालावर छापतात, ज्यास ‘आर’ म्हणतात, तो हिच्या बाबतींत साधारण दोन भरतो. मराठवाड्याच्या हिवाळ्यास तेवढा पुरतो. मुलगा हिमालयांत जावयाचा असेल तर चार-पांचाच्या खालीं पाहूं नये. या अंकांत सोय अशी कीं ते बेरजेनें वाढतात. दोन गुंडाळ्या एकावर एक घातल्या तर चार होतात. ज्यास वजन आणखी कमी करावयाचें असेल त्यानें खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच पुरेल असा तुकडा कापून घ्यावा आणि पायांखालीं रिकामी पिशवी घालावी. भार पडतो तो खांद्यावर आणि ढुंगणावर, टांचांवर नव्हे.

फुगविण्याच्या गाद्यांचें वेड आतां इकडेही आलें आहे. या कल्पनेचा एक सुधारलेला प्रकार, आंत फोम असलेली आणि आपोआप फुगणारी गादी, सिएटलच्या एका कारखान्यानें 1970 नंतरच्या दशकांत बाजारांत आणला. विमानांच्या धंद्यांतून बाहेर पडलेले कांहीं इंजिनियर त्यामागें होते. ती वस्तु उत्तम आहे यांत शंका नाहीं. परंतु नुसती पोकळ, आंत कांहीं न भरलेली हवेची गादी मऊ असूनही गार असते, कारण आंतील मोकळी हवा खालून थंड होऊन फिरत राहते आणि निजणाऱ्याची ऊब भुईस पोंचविते. दुसरें, आपल्या रानांत बाभूळ आहे, बोर आहे, सराटे आहेत. एक कांटा लागला कीं ती गादी रात्रीं एकच्या सुमारास पातळ होऊन पडते. फोमला कांटा लागला तर लागला.

शेतावरच्या कुटुंबासाठीं आमचें मत विचाराल तर दोहोंचा मेळ घालावा. खालीं ताडपत्री, तिच्यावर फोम, त्यावर घोंगडी आणि टोंचूं नये म्हणून वर एखादी जुनी मऊ चादर. ताडपत्री अंथरुणाबाहेर येऊं देऊं नये. बाहेर राहिलेल्या कडेवर दंव साचतें आणि ओघळून अंगाखालीं येतें. घोंगडी फोमच्या वरच असावी, कारण फोम घाम शोषीत नाहीं, लोकर शोषते. फोम न मिळाल्यास कडब्याचा वीतभर थर घालावा. दांड्यांच्या मधल्या पोकळींत हवा अडकते आणि दांडा लवकर चेपत नाहीं. आपले शेतकरी हें शास्त्राच्या पुस्तकाशिवाय जाणून आहेत. मात्र गंजीच्या तळचा कडबा घेऊं नये, आणि अंथरण्यापूर्वीं पेंढी उजेडांत झटकून घ्यावी. विंचवासही ऊब आवडते.

जागेचा विचार अंथरुणाइतकाच महत्त्वाचा. काळी जमीन ओल धरून ठेवते आणि तिच्या भेगांत काय असेल याचा भरंवसा नाहीं. मुरमाड उंचवटा कोरडा असतो. ओढ्याच्या अथवा गोदावरीच्या काठचा सखल भाग दिवसा रम्य दिसतो, पण गार हवा जड असल्यामुळें रात्रीं तेथेंच येऊन साचते. झाडाखालीं किंवा मांडवांत निजलें तर दंव फार कमी लागतें. उघड्या आकाशाखालीं वस्तूंची उष्णता वर निघून जाते आणि त्या गार झाल्या म्हणजे त्यांवर दंव धरतें, मध्यें छत असलें कीं तें थांबतें. पण चांदणें पाहावयाचें असेल तर काय करावें? तर चांदणें पाहावें, आणि झोंप येऊं लागली कीं मांडवांत यावें.

हुरड्याच्या आगटीविषयीं एक इशारा. कडब्याचें अंथरूण आगटीजवळ मुळींच नको, हें सांगावयास नको. फोमही ठिणगीनें वितळतो आणि पेटला तर वाईट धूर सोडतो. लोकर सहजीं भडकत नाहीं. ठिणगी पडली तर काळा ठिपका पडून विझते. म्हणून शेकोटीभोंवतीं बसावयास घोंगडीच घालावी, आणि गुंडाळ्या निजावयाच्या वेळींच उघडाव्या.

आतां आजीकडे वळूं. तिची अडचण नुसत्या गारव्याची नसते. भुईवरून उठण्याची असते. गुडघे दुखणाऱ्यास कितीही उबदार अंथरूण दिलें तरी रात्रीं दोनदां उठतांना हात धरणारें माणूस लागतेंच. तिच्यासाठीं शेतावर बाज असते, ती घालावी. पण बाजेवर निजणाऱ्यास थंडी अधिक वाजते अशी तक्रार येते, ती खरी आहे. सुंभाच्या जाळीखालून वारा मोकळा वाहतो आणि वर फक्त एक गोधडी असते. म्हणून दुहेरी घोंगडी किंवा फोम प्रथम बाजेवर अंथरावा, गोधडी त्याच्यावर, आणि वाऱ्याच्या बाजूनें बाजेस एक पोतें किंवा पडदा लावावा. जाण्यापूर्वीं आठ दिवस घरींच एक रात्र ओसरीच्या शहाबादी फरशीवर तेंच अंथरूण घालून तिला निजवून पाहावें. पहाटे ती कुशीवर वळली असतां कंबरेचें हाड फरशीस लागतें काय, एवढें विचारावें. लागत असेल तर आणखी एक घडी. या एका रात्रीनें बेत पक्का होतो, आणि “घरींच बऱ्या” हें वाक्य बहुधा पुन्हां निघत नाहीं.

या सगळ्या तयारीस आपल्या भागांत आणखी एक बाजू आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरकडील धरणी हालली. आदल्याच दिवशीं गणपति बोळवून लोक निजले होते. दगड-मातीच्या जड छपरांखालीं हजारों माणसें गेलीं. जीं वांचलीं तीं, आणि लातूर शहरापर्यंत जीं नुसतीं भ्यालीं तींही, पुढें कित्येक रात्री उघड्यावर निजलीं, आणि त्या दिवसांत पाऊसही आला. अशा वेळीं घराच्या आंत शिरून अंथरूण काढण्याची सोय नसते. तेव्हां घरांत माणसें असतील तेवढ्या गुंडाळ्या, दोन ताडपत्र्या आणि वडिलांसाठीं एक घोंगडी अशी वळकटी बांधून दारालगत, ओसरीच्या कोनाड्यांत किंवा अंगणांतील खोलींत ठेवावी. सहलीचें सामान वर्षांतून दोनदां लागतें. उरलेले दिवस तें माळ्यावर पडलें काय आणि दाराशीं पडलें काय, जागा तेवढीच.

ठेवण्याची रीत मात्र नीट असावी. मुक्कामाहून परतल्यावर सर्व अंथरुणें दोन दिवस उन्हांत टाकावीं. फोमला मात्र एक तासाचें ऊन पुरे, अधिक उन्हानें तो ठिसूळ होतो. घोंगडी ओली असतां कधींही गुंडाळूं नये. तिला कसर लागते; म्हणून घड्यांत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून ती जुन्या धोतरांत बांधावी आणि श्रावण-भाद्रपदांत उघाडीचा दिवस पाहून पुन्हां एकदां झटकावी. हवेची गादी घेतलीच असेल तर तिचें तोंड उघडें ठेवून ती सैल पसरून ठेवावी. घट्ट आवळून ठेवल्यास आंतली वाफ कोंडून तिला बुरशी येते.