राजिवड्याच्या पोरांची बाग

"एकच मोठं, देखणं उद्यान करावं. सगळं शहर तिथे येईल, पर्यटकही येतील. गल्लोगल्ली बागा काढून निधी शिंपडत बसलं तर कुठेच धड काही उभं राहत नाही." रत्नागिरीत उद्यानांच्या पैशाचा विषय निघाला की हा पक्ष हमखास मांडला जातो आणि तो निव्वळ हट्टाचा नाही. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, तिच्यावरचा पूल आणि पलीकडचं सुरूचं बन पाहायला बाहेरगावची माणसं येतात. रिक्षावाल्यापासून खानावळीपर्यंत अनेकांच्या हाताला त्यातून काम मिळतं. मोठी बाग शहराला हवीच. आक्षेप आहे तो तिच्या नावावर बाकीच्या वस्त्यांचा वाटा बाजूला सारण्याला.

थिबा पॉइंटवरच्या बागेच्या कठड्यापाशी उभं राहून खाली पाहिलं की राजिवडा दिसतो. घराला घर लागलेलं, मधल्या बोळात वाळत घातलेली जाळी, काठाला होड्या. तिथल्या सात वर्षांच्या पोराला वरच्या बागेत यायचं तर चढ चढायचा, वाहनांचा रस्ता ओलांडायचा, शिवाय बरोबर मोठं माणूस हवं. गुडघे धरलेल्या आजीला तर जाऊन-येऊन रिक्षाच करावी लागते. असं घर वरच्या बागेत सणासुदीला जाईल. रोज संध्याकाळी शाळेचं दप्तर टाकून धावत सुटावं, अशी जागा मात्र दारापासून चार पावलांवरच असावी लागते.

केंद्र सरकारने 2014 साली नगरनियोजनासाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. पाच हजार वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची एक बाग, पंधरा हजारांमागे एक हेक्टरची आणि लाखामागे पाच हेक्टरचं एक मोठं उद्यान. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे 76 हजार होती. त्या हिशोबाने शहराला लहान बागा पंधरा हव्यात, मधल्या पाच हव्यात आणि मोठं उद्यान पुरतं एकसुद्धा लागू होत नाही. म्हणजे "आधी मोठं, मग उरलं तर लहान" हा क्रम देशाच्या नियोजनशास्त्रालाच उलटा टांगतो.

"समुद्र असताना बाग कशाला?" हा दुसरा मुद्दा. मांडवीच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ कुणाला नको आहे! पण जून ते ऑगस्ट खवळलेल्या समुद्रापाशी कुठली आई लेकराला एकटं सोडील? आणि मिरकरवाड्याचा किनारा हे मच्छीमारांच्या कामाचं ठिकाण आहे. बर्फ, टोपल्या, ट्रक, लिलाव यांच्या गर्दीत घसरगुंडीला जागा कुठली?

तिसरा पक्ष सर्वांत सोज्वळ दिसतो आणि त्याचं खंडन सर्वांत गरजेचं आहे. तो म्हणतो, प्रत्येक प्रभागाला सारखी रक्कम द्या, कुणाची तक्रार राहणार नाही. पण सारख्या रकमेला सारखी सुरुवात लागते. राज्याच्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. माळावरच्या नव्या कॉलन्यांना त्यातून निदान 'ओपन स्पेस' मिळते. पेठकिल्ला, राजिवडा या वस्त्या या नियमाच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्या वाट्याला तसा तुकडा कुठून येणार? समान रकमेतून कॉलनीत जॉगिंग ट्रॅक होतो, जुन्या वस्तीत मात्र जागाच नाही म्हणून पैसा परत जातो. विकास आराखड्यात बागेसाठी आरक्षण असलं तरी ते कायमचं नसतं. 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. तेव्हा जुन्या वस्तीला पहिला खर्च भूसंपादनाचा आहे. खेळणी नंतर.

आता देखभाल. लहान बागा मरतात, हे खरं आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या शहरात जुलैत गवत कमरेला लागतं, खाऱ्या हवेने झोपाळ्याच्या साखळ्या गंजतात, आणि मे महिन्यात जांभ्यावरच्या पातळ मातीत हिरवळ करपते. पण बाग लहान आहे म्हणून मरते, हा निष्कर्ष चुकीचा. अनुदान बांधकामाला सहज मिळतं, माळ्याच्या पगाराला मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने अबंधित अनुदानातूनही वेतन व आस्थापना खर्च वगळला होता. माळी नगर परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून ठेवायचा असतो आणि कात्री तिथेच लागते. माळी नसेल तर मोठं उद्यानही एका पावसाळ्यात रानात जमा होतं.

मग करायचं काय? न्यूयॉर्कने 2014 मध्ये एक साधी कसोटी लावली: वीस वर्षांत ज्या उद्यानांवर अडीच लाख डॉलरपेक्षा कमी भांडवली खर्च झाला, ती आधी हाती घ्यायची, त्यांतही दाट आणि गरीब वस्तीतली पहिली. पहिल्या टप्प्यात 35 उद्यानांसाठी 13 कोटी डॉलर काढले. आकडे आपले नव्हेत, कसोटी मात्र उचलण्यासारखी आहे. पुण्यात 2006 पासून नागरिक आपल्या प्रभागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवतात, तेव्हा लोकांना विचारून ठरवण्याची रीतही महाराष्ट्राला नवी नाही.

महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी पालिकेच्या अंदाजपत्रकात रक्कम राखून ठेवावी लागते. तसंच वस्तीच्या बागांचं स्वतंत्र लेखाशीर्ष रत्नागिरी नगर परिषदेने ठरावाने उघडावं. मोठ्या उद्यानाचा खर्च पर्यटनाच्या निधीतून मागावा, या शीर्षातून नव्हे. नवी बाग मंजूर करताना तिच्या पाच वर्षांच्या माळीकामाची तरतूद आधी दाखवावी.

राज्यातल्या नगर परिषदांच्या लांबलेल्या निवडणुका 2025च्या डिसेंबरात झाल्या. वर्षानुवर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर आता लोकांनी निवडलेली माणसं अंदाजपत्रकाला हात वर करणार आहेत. त्यांनी मतदानाआधी मुख्याधिकाऱ्यांकडून एक तक्ता मागून घ्यावा: प्रत्येक प्रभागात चौदा वर्षांखालची मुलं किती, दहा मिनिटांच्या चालीत बाग आहे का, गेल्या दहा वर्षांत तिच्यावर खर्च किती झाला आणि आज तिथे माळी कोण येतो. तो तक्ता नगर परिषदेच्या सूचनाफलकावर लावावा आणि ज्या प्रभागाचे रकाने रिकामे निघतील, तिथूनच वाटपाला सुरुवात करावी.