फांदी तुटली, पण कावळ्यामुळे?

पावसाळा उतरणीला लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत मैदानी स्पर्धांची लगबग सुरू होते. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून विभागाला. समजा, एखाद्या आश्रमशाळेचा बास्केटबॉल संघ गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत गारद झाला. दरम्यान नवे क्रीडाशिक्षक रुजू झाले. यंदा त्याच संघाने गेल्या वर्षीपेक्षा दीडपट गुण केले आणि उपांत्य फेरी गाठली. शाळेत सरांना शाल, श्रीफळ. गावात चर्चा एकच, ‘सरांनी पोरांचं सोनं केलं.’

असेलही. पण मुले वर्षभरात चार बोटे उंच झाली असतील. गेल्या वर्षी उत्तम खेळाडू तापाने फणफणला असेल. यंदा समोरचे संघच दुबळे असतील. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याने तोडली असे म्हणायचे का, हा जुना प्रश्न आहे. मैदानावर त्याचे उत्तर चुकले तर फार तर एक शाल वाया जाते. आरोग्याच्या कामात मात्र चुकीच्या उत्तराची किंमत जिवाने मोजावी लागते. म्हणून श्रेय कसे ठरवायचे, हा शिष्टाचाराचा विषय न राहता विज्ञानाचा विषय होतो.

आधी खेळातलेच एक गाजलेले उदाहरण पाहू. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने २०१३-१४च्या हंगामात ५१ सामने जिंकले. त्यानंतर प्रशिक्षक बदलला आणि स्टीव्ह केर आले. पुढच्याच हंगामात संघाने ६७ सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवले. सामन्यामागे सरासरी गुण १०४वरून ११०वर गेले. खेळाडू बहुतांशी तेच होते. मग श्रेय केर यांचे का?

या प्रश्नाला तीन कसोट्या लावता येतात. पहिली तुलनेची. त्या वर्षी सगळ्याच संघांचे गुण वाढले असते, तर वॉरियर्सचे कौतुक करण्यात अर्थ नव्हता. प्रत्यक्षात लीगची सरासरी १०१वरून १००वर आली. इतर जागेवर असताना हा संघ पुढे सरकला. ही कसोटी किती महत्त्वाची, हे त्याच लीगचा थोडा मोठा काळ पाहिला की कळते. २०१२-१३ मध्ये संघाची सरासरी सामन्यामागे सुमारे ९८ गुण होती, २०१८-१९ मध्ये ती १११वर पोहोचली. लांबून तीन गुणांचे फटके मारण्याचे प्रमाण साऱ्या लीगमध्येच वाढले होते. या काळात ज्या प्रशिक्षकाच्या संघाचे गुण १३ने वाढले, तो लाटेबरोबर वर आला होता, इतकेच.

दुसरी कसोटी कार्यकारणाची. प्रशिक्षकाने नेमके काय बदलले आणि तो बदल मैदानावर दिसतो का? केर येण्यापूर्वी सामन्यातील पासच्या संख्येत हा संघ लीगमध्ये तळाला होता. केर यांनी चेंडू फिरता ठेवण्यावर भर दिला आणि पासची संख्या वाढली. तिसरी कसोटी माणूस बाजूला काढून पाहण्याची. ती नशिबाने आपोआपच घडली. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे केर २०१५-१६ मधील पहिल्या ४३ सामन्यांना संघासोबत नव्हते. सहायक ल्यूक वॉल्टन यांनी संघ सांभाळला आणि त्यांतले ३९ सामने जिंकले. नियमानुसार ते सारे विजय केर यांच्या नावावर लागले आणि त्या हंगामाचे सर्वोत्तम प्रशिक्षकही तेच ठरले. काहींना हा अन्याय वाटला. पण आपण नसतानाही चालेल अशी पद्धत बसवून देणे, हेच तर प्रशिक्षकाचे काम. फक्त ते श्रेय एकट्याचे राहत नाही. ते पद्धतीचे असते आणि ती रोज राबवणाऱ्यांचे असते.

बहुतेक प्रशिक्षकांना इतक्या कसोट्या लावण्याची तसदी कोणी घेत नाही. संघ रसातळाला गेला की प्रशिक्षक बदलतो, संघ सावरतो आणि नवा माणूस हिरो ठरतो. नेदरलँड्समधील अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील तिथल्या फुटबॉल लीगची आकडेवारी तपासली. सलग पराभवानंतर ज्यांनी प्रशिक्षक बदलला ते संघ सावरले. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक कायम ठेवला, तेही सावरले. फार वाईट काळानंतर बरा काळ येतो, कारण त्या वाईटात दुर्दैवाचाही वाटा असतो आणि दुर्दैव कायम टिकत नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या मोजमापांतून ते दाखवून दिले होते.

आता मैदानावरून दवाखान्यात येऊ. गडचिरोलीत हिवतापाचे रुग्ण एखाद्या वर्षी अचानक वाढतात. पाऊस कसा पडला, डबकी किती साचली, लोक रानात किती वावरले, यावर ते बरेचसे अवलंबून असते. साथ शिगेला पोहोचली की यंत्रणा खडबडून जागी होते. फवारणी, मच्छरदाण्या, तपासण्या आणि बहुधा एखाद्या अधिकाऱ्याची बदली. पुढच्या वर्षी आकडा उतरतो आणि आढावा बैठकीत टाळ्या वाजतात. औषध भारलेल्या मच्छरदाण्यांनी हिवताप कमी होतो, हे जगभरच्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. पण त्या विशिष्ट वर्षी उतरलेल्या आकड्यात मच्छरदाणीचा वाटा किती, पावसाचा किती आणि नव्या साहेबांचा किती, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

मग कशावरून सांगता येते? याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. ते तीस वर्षांपूर्वी याच जंगलपट्ट्यात दिले गेले.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम करायचे ठरवले, तेव्हा बहुतेक बाळंतपणे घरीच होत. बाळ आजारी पडले तरी डॉक्टरपर्यंत क्वचितच पोहोचे. त्यांनी ३९ गावांत हस्तक्षेप केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. त्या ४७ गावांत नेहमीच्या सरकारी सेवा सुरू राहिल्या. काम सुरू होण्याआधी, १९९३ ते ९५ या काळात, दोन्हीकडचे मृत्यू मोजून ठेवले. दर हजार जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू ३९ गावांत ६२ होते, ४७ गावांत ५८. म्हणजे शर्यत जवळजवळ एकाच रेषेवरून सुरू झाली.

मग गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना शिकवले गेले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, अंगावर दूध पाजायला मदत करणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे. या आरोग्यदूत घरोघर जाऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ३९ गावांतला आकडा ६२वरून २५.५वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता, म्हणजे जिथल्या तिथे. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेची गावे हिशेबात धरून घट ६२ टक्के होती.

या सगळ्यात त्या ४७ गावांचे मोल सर्वांत मोठे आहे. ती नसती तर कोणीही म्हणू शकला असता, की रस्ते आले, शाळा आल्या, काळच बदलला, मृत्यू तसेही कमी झाले असते. ही शंका हवेतली नाही. देशाचा अर्भक मृत्युदर १९९० मध्ये हजारामागे ८०च्या आसपास होता, २०२० मध्ये तो २८वर आला. लाट इथेही आहे. पण त्या तीन वर्षांत शेजारच्या गावांत आकडा हललाच नव्हता, म्हणून ३९ गावांतली घट लाटेच्या खात्यावर टाकता येत नाही.

दुसरी कसोटीही इथे लागली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के दगावत होती, घरी उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. चेंडू कुठून कसा बास्केटमध्ये गेला, ते दिसत होते.

शंका उरतात आणि त्या लपवण्याचे कारण नाही. कोणते गाव कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. शिवाय कामाचा ध्यास घेतलेली माणसे जवळ असली की सगळ्यांचेच काम सुधारते. म्हणून तिसरी कसोटी हवी होती. मूळ माणसे बाजूला काढून तीच पद्धत दुसरीकडे राबवून पाहणे. बांगलादेशातील सिल्हेटमध्ये अशाच धर्तीवर घरभेटींचा प्रयोग झाला. तिथे गट चिठ्ठ्या टाकूनच पाडले होते. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यूंत ३४ टक्के घट दिसली. गडचिरोलीइतकी मोठी नाही, पण खरी. पद्धत चालते आणि ती राबवणाऱ्यांच्या शिकवणीवर, देखरेखीवर तिचा परिणाम कमी-जास्त होतो, असा सरळ अर्थ यातून निघतो. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने हे काम देशभरातील आशांकडे सोपवले. बाळ दवाखान्यात जन्मले असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मले असेल तर सात. मोबदला ठरला २५० रुपये.

या आकड्यापाशी श्रेयाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीच्या एखाद्या पाड्यावर ऐन पावसात नाला ओलांडून सहा वेळा जाणारी आशा म्हणजे प्रत्यक्ष मैदानात धावणारी खेळाडू. जिल्ह्याचा आकडा सुधारला की फोटो निघतो तो प्रशिक्षकाचा, कधी कधी तर संघाच्या मालकाचा. आकडा बिघडला की खापर मात्र फुटते ते तिच्या डोक्यावर. श्रेय जिथे जाते तिथेच पैसा, प्रशिक्षण आणि पुढची मंजुरी जाते. ते साहेबांच्या नावावर लागले, तर दोन-तीन वर्षांनी साहेबांच्या बदलीबरोबर तेही जिल्हा सोडून जाते. पद्धतीच्या नावावर लागले तर इथेच मुरते.

म्हणून एखाद्या उपक्रमाने ‘मृत्यू निम्म्यावर आणले’ किंवा ‘कुपोषण घटवले’ असे जाहीर होईल, तेव्हा दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी आणि पत्रकारांनी चार साधे प्रश्न विचारायला हवेत. सुरुवातीचा आकडा एकाच, त्यातही सर्वांत वाईट वर्षाचा आहे, की दोन-तीन वर्षांच्या सरासरीचा? उपक्रम जिथे नव्हता, तिथे त्याच काळात काय झाले? मधल्या पायऱ्या, म्हणजे भेटी, वजने, उपचार, खरोखर वाढल्या का? आणि आकडे मोजणारा कोण, ज्याचे कौतुक होणार तोच का? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. दडवलेले मृत्यू कोणी प्रामाणिकपणे नोंदवू लागला, तर आकडा आधी वाढतो. मग चांगल्या कार्यकर्तीवरच नोटीस निघते आणि पुढच्या वेळी ती मृत्यू लिहिताना दहा वेळा विचार करते.

तुलनेसाठी काही गावांना वंचित ठेवायचे का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर मार्ग आहे. कोणताही नवा उपक्रम एका दिवसात सगळ्या तालुक्यांत पोहोचत नाही. माणसे आणि साहित्य कमी असते, त्यामुळे टप्पे पडतातच. पहिल्या टप्प्यात कोणती प्राथमिक आरोग्य केंद्रे घ्यायची, हे वशिल्याने ठरवण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ज्यांचा क्रमांक नंतरचा, ती तोवर तुलनेची गावे होतात. कोणी कायमचा वंचित राहत नाही आणि उपक्रम उपयोगी नसेल तर दुसऱ्या टप्प्याचा पैसाही वाचतो. मात्र तुलना सारख्याची सारख्याशी हवी. खाणी, वीज केंद्र आणि रेल्वे असलेल्या चंद्रपूर तालुक्याशी भामरागडची तुलना केली, तर हाती काहीच लागणार नाही.

आश्रमशाळेतल्या त्या क्रीडाशिक्षकांची शाल काढून घ्यायचे कारण नाही. मुलांच्या आनंदाला कसोट्या लावू नयेत. पण पुढच्या वर्षी शेजारच्या शाळांचे गुणही लिहून ठेवावेत आणि सर रजेवर असताना मुले सकाळी सहाला मैदानावर येतात का, तेही पाहावे. येत असतील, तर सरांना आणखी एक शाल द्यावी. आणि एक त्या मुलांनाही.